रेने पेती: सतराव्या वर्षी कप, साठीला धरण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की पुतण्या सिव्हिलच्या सेकंड इयरला आहे, पेठेतल्या तालमीकडून (इथं तालीम म्हणजे फुटबॉलचा क्लब) फुटबॉल खेळतो, घरी रोज वाद चाललाय की दोन्हीतलं एक काहीतरी सोड, आणि कुणीतरी सांगितलं की स्पेनमधे सुरुवातीच्या काळात फुटबॉल खेळणारे पुढे इंजिनीअर, प्रोफेसर झाले. हे खरंय का, आणि खरं असेल तर त्यांनी जमवलं कसं.

खरं आहे. मी पाटबंधारे खात्यात ३३ वर्षं काढली, जेई म्हणजे ज्युनिअर इंजिनीअर म्हणून लागलो, ईई म्हणजे एक्झिक्युटिव्ह इंजिनीअर म्हणून रिटायर झालो, निम्मी वर्षं धरणाच्या साईटवर आणि निम्मी कालव्यावर, आणि गाव कोल्हापूर म्हटल्यावर फुटबॉलचं वेगळं सांगायला नको. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू माझ्या जिव्हाळ्याच्या आहेत आणि उत्तर लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

प्रोफेसरचं आधी उरकतो. त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण डेन्मार्कचं आहे, स्पेनचं नाही. हॅराल्ड बोर, अणूवाल्या नील्स बोरचा धाकटा भाऊ. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधे डेन्मार्कनं फ्रान्सला १७-१ हरवलं त्या टीममधे हा होता, सिल्व्हर मेडल घेऊन आला, दोन वर्षांनी गणितात डॉक्टरेट केली तर ती ऐकायला हॉलमधे गणितवाल्यांपेक्षा फुटबॉलचे शौकीन जास्त बसले होते म्हणतात, आणि पुढे कोपनहेगनच्या पॉलिटेक्निकमधे आणि मग युनिव्हर्सिटीत प्रोफेसर. पण तुमच्या पुतण्याला उपयोगी पडेल असा माणूस म्हणाल तर तो रेने पेती. सिव्हिलचाच माणूस, धरणाचा माणूस, आणि स्पेनचा किंग्ज कप, म्हणजे तिथली देशपातळीवरची मोठी स्पर्धा, जिंकला किती वेळा तर चार.

हा एकटाच असा निपजला असं नाही. स्पेनमधे फुटबॉल आला तोच मुळात खाणी, रेल्वे आणि बंदरांच्या वाटेनं. दक्षिणेत उएल्वाजवळ रिओ टिंटोच्या तांब्याच्या खाणी ब्रिटिश कंपनीनं १८७३ मधे घेतल्या, त्या साहेब लोकांच्या आसपास १८८९ मधे रेक्रिएटिवो दे उएल्वा हा क्लब उभा राहिला, तो आजही देशातला सगळ्यात जुना क्लब मानतात. उत्तरेत बिल्बाओला लोखंडाच्या खाणी आणि जहाजांचे कारखाने, तिथल्या पैसेवाल्यांची पोरं इंग्लंडला शिकायला जायची आणि येताना चेंडू घेऊन यायची. माद्रिदमधे तर अजून सरळ प्रकार, आजचा अ‍ॅटलेटिको माद्रिद हा क्लब एप्रिल १९०३ मधे बास्क विद्यार्थ्यांनी काढला आणि त्यांच्यात मायनिंग इंजिनीअरिंगची पोरं मोठ्या संख्येनं होती, बिल्बाओच्या अ‍ॅथलेटिक क्लबनं कपच्या फायनलमधे माद्रिदला हरवलं त्या आनंदात. आजचा रिअल माद्रिद ज्या गटातून निघाला त्याचा सुरुवातीचा म्होरक्या हुलियान पालासिओस हाही मायनिंगचाच विद्यार्थी. बार्सिलोनातला एस्पान्योल क्लब १९०० मधे काढला आन्हेल रोद्रिगेस नावाच्या इंजिनीअरिंगच्या पोरानं, त्याचे वडील युनिव्हर्सिटीचे रेक्टर होते. म्हणजे त्या काळात "इंजिनीअरिंग का फुटबॉल" हा वाद घालणारं घरच विरळा, कारण खेळणारी बरीचशी पोरं कॉलेजचीच. दुसरं असं की पगार घेऊन खेळणं स्पेनमधे अधिकृत झालं १९२६ मधे. त्याआधी फुटबॉलवर घर चालवणं कागदावर तरी शक्य नव्हतं, प्रत्येकाला दुसरं काहीतरी करायलाच लागायचं, कुणी वकील, कुणी डॉक्टर, कुणी दुकानात.

आता पेती. ऑक्टोबर १८९९ चा जन्म, फ्रान्समधल्या डाक्स गावचा, पण वाढला तो बिदासोआ नदीच्या अलीकडे स्पेनमधे. ही नदी म्हणजे तिथली सरहद्द, पुलाच्या त्या टोकाला फ्रान्स आणि या टोकाला इरुन. आपल्याकडे निपाणी-कागलची माणसं जशी दोन राज्यांत एकाच दिवसात बाजार करून येतात तसं तिथलं रोजचं जगणं. शाळा माद्रिदला, आणि पंधराव्या वर्षी हा पोरगा माद्रिद क्लबच्या, म्हणजे आजच्या रिअल माद्रिदच्या, मोठ्या टीममधे. १९१७ च्या मेमधे किंग्ज कपची फायनल बार्सिलोनात झाली, समोर गेचोचा अरेनास, पहिली मॅच ०-०, दोन दिवसांनी पुन्हा खेळवली आणि माद्रिदनं २-१ अशी जिंकली. पेती तेव्हा सतरा वर्षांचा. आपल्याकडे या वयात पोरगं बारावीच्या क्लासला असतं.

मग तो इरुनला परत आला, रिअल युनियन क्लबकडे. हा क्लब १९१५ मधे गावातल्या दोन भांडणाऱ्या क्लबांना एकत्र करून बनवलेला. पेठापेठांतली इर्षा ज्यांनी बघितलीय त्यांना यातलं अवघड काय ते सांगायला नको, शाहू स्टेडियमवर समोरासमोर बसणाऱ्या दोन तालमी एकाच जर्सीत आल्या तर काय होईल तसं ते. आणि बरोबर पुढच्याच वर्षी, जून १९१८, कपची फायनल रिअल युनियन विरुद्ध माद्रिद, तीही माद्रिदमधे, आणि युनियननं ती २-० अशी घेतली. अठरा वर्षांचा पोरगा, मागच्या वर्षी ज्यांच्याकडून कप उचलला त्यांनाच त्यांच्या गावात हरवून दुसरा कप घेऊन जातो. त्या वयात डोकं फिरायला एवढं पुरेसं असतं, मी कोल्हापुरात एका सीझनच्या कौतुकावर तीन वर्षं कॉलेज बुडवलेली पोरं बघितलीत. याचं डोकं जागेवर राहिलं.

तो खेळायचा मधल्या फळीत, सेंटर हाफ. ही जागा त्या काळात आजच्यासारखी नव्हती, दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड अशी मांडणी असायची आणि मधला हाफ म्हणजे अख्ख्या टीमचा कणा, मागं जाऊन अडवायचं, पुढं येऊन वाटायचं आणि कुणाला कधी चेंडू मिळणार हे त्यानंच ठरवायचं. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा कालव्याचा हेड रेग्युलेटरच आठवला, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी पाणी सोडणारे दरवाजे. माझ्या डोक्यात कालवेच भरलेत म्हणून असेल, पण पाणी कुठल्या वितरिकेला, म्हणजे फाट्याला, आधी सोडायचं, किती सोडायचं, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटाच्या, माणसाला कोरडं ठेवायचं नाही, हा विचार करायची सवय त्याला मैदानावरच लागली असणार असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

१९२० चं अँटवर्प ऑलिंपिक आलं. पासपोर्ट फ्रेंच, म्हणून तो फ्रान्सकडून खेळला. इटलीला ३-१ हरवलं, सेमीफायनलला चेकोस्लोव्हाकियानं त्यांना ४-१ घालवलं, आणि फ्रान्सची टीम घरी गेली. त्याच स्पर्धेत स्पेन आयुष्यातली पहिली आंतरराष्ट्रीय मॅच खेळत होता आणि डेन्मार्कविरुद्ध त्यांचा पहिलावहिला गोल कुणी मारला, तर पात्रिसिओ अराबोलासानं, म्हणजे पेतीच्याच क्लबच्या जोडीदारानं. पुढे फायनलला चेकोस्लोव्हाकियाची टीम रेफ्रीवर चिडून मैदान सोडून गेली, त्यांना बाद केलं, दुसऱ्या नंबरसाठी नव्यानं मॅचेस ठरल्या, फ्रान्सवाले तेव्हा परत गेलेले, आणि सिल्व्हर गेलं स्पेनला. म्हणजे इरुनच्या गल्लीत एकत्र सराव करणारे, एकाच्या गळ्यात मेडल आणि दुसरा रिकाम्या हातानं. तरी हे सगळे पुढे एकाच टीममधून खेळत राहिले.

१९२४ ला पुन्हा कप, सान सेबास्तिआनला फायनल, समोर पुन्हा माद्रिद, १-०. त्या वेळी युनियनचा कोच स्टीव्ह ब्लूमर, इंग्लंडचा भरपूर गोल मारणारा फार मोठा खेळाडू. १९२७ ला परत, अरेनासविरुद्ध, एक्स्ट्रा टाइममधे १-०. त्या टीमचा गोली अंतोनिओ एमेरी, अ‍ॅस्टन व्हिला या इंग्लिश क्लबला कोच म्हणून घडवणारा जो उनाई एमेरी आहे त्याचा सख्खा आजोबा, आणि नातवानं परवा परवा, २०२१ मधे, हा क्लब घरच्यांबरोबर विकत घेऊन सावरला. १९२९ मधे स्पेनची लीग सुरू झाली तेव्हा पहिल्या दहा क्लबांत एवढ्याशा इरुनचं नाव होतं, बार्सिलोना-माद्रिदच्या रांगेत.

या १९२७ च्या फायनलपाशी मी दरवेळी थबकतो. ती झाली सारागोसाला, टोरेरोच्या मैदानावर. टोरेरो म्हणजे सारागोसाचा कालव्याच्या काठचा भाग, अठराव्या शतकात खोदलेला कनाल इम्पेरियाल तिथून जातो. आणि त्याच सारागोसात एक वर्ष आधी, १९२६ च्या मार्चमधे, एब्रो नदीच्या खोऱ्याचं महामंडळ स्थापन झालं होतं. अख्ख्या नदीखोऱ्याचं पाणी एका संस्थेनं बघायचं, जिल्ह्याजिल्ह्यात तुकडे करायचे नाहीत, ही कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्यांत जगात हे लोक अगदी पुढे होते. त्यामागे मानुएल लोरेन्सो पार्दो नावाचा इंजिनीअर, आणि त्याच्याही मागे होआकिन कोस्ता या आरागॉनच्या विचारवंताचं आयुष्यभराचं ओरडणं, की देशाचं दारिद्र्य घालवायचं तर नद्या अडवा. आपल्या खोरे विकास महामंडळांचा जन्म १९९६ च्या पुढचा, म्हणजे सत्तर वर्षांनी. पेतीनं त्या गावात चौथा कप उचलला आणि पुढचं आयुष्य वेचलं त्याच खोऱ्यात. तो शिकलेला कामीनोसचा, म्हणजे रस्ते, कालवे आणि बंदरांची इंजिनीअरिंग, माद्रिदमधलं ते कॉलेज १८०२ सालचं आणि स्पेनमधे त्याचा दबदबा आपल्याकडे आयआयटीचा असतो तसा.

त्याचं काम म्हणजे येसाचं धरण आणि बार्देनासचा कालवा.

पिरेनीज डोंगरातून आरागॉन नावाची नदी येते, नावार्रा आणि आरागॉन या दोन प्रांतांच्या शिवेवर येसा नावाचं छोटं गाव आहे, तिथं दोन्ही बाजूचे डोंगर जवळ येतात. कुठल्याही धरणवाल्याला ती जागा दाखवा, तो नकाशाशिवाय सांगेल की बांध इथं घालायचा. ७० मीटरहून उंच, माथ्यावर जवळजवळ ४०० मीटर लांब, काँक्रीटचं ग्रॅव्हिटी धरण, म्हणजे स्वतःच्या वजनावर पाण्याचा रेटा पेलणारं. साठा ४४७ दशलक्ष घनमीटर, आपल्या भाषेत पावणेसोळा टीएमसीच्या (म्हणजे अब्ज घनफुटांच्या) आसपास. राधानगरी ८.३६ टीएमसी आहे, म्हणजे जवळपास दोन राधानगऱ्या.

आपला आणि त्यांचा हिशोब मात्र उलटा आहे हे लक्षात घ्या. आपल्याकडे चार महिन्यांत सगळं पाणी येतं आणि उरलेले आठ महिने ते पुरवायचं. तिकडे हिवाळ्यात डोंगरावर बर्फ साठतं, वसंतात ते वितळून नदी फुगते, आणि पिकाला ज्या वेळी पाणी पाहिजे त्या जून ते सप्टेंबरमधे आभाळ कोरडं ठणठणीत. म्हणजे डोंगरावरचं बर्फ हेच त्यांचं पहिलं धरण, येसा दुसरं. त्यामुळे आपला तलाव तळाला जातो मे-जूनमधे, त्यांचा सप्टेंबर-ऑक्टोबरमधे.

काम सुरू झालं १९२० च्या दशकाच्या शेवटी. मग सरकार बदललं, राजा गेला, प्रजासत्ताक आलं, १९३६ ला यादवी युद्ध पेटलं, युद्धानंतर सिमेंट नाही, लोखंड नाही, डिझेल नाही, जगानं बहिष्कार घातलेला देश. धरणाचं उद्घाटन झालं १९५९ च्या एप्रिलमधे. तीस वर्षं. ज्यांनी साईटवर काढलीत त्यांनाच कळेल तीस वर्षं एका कामावर म्हणजे काय. आमच्याकडे एक सुप्रमा अडकली, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता हो, तर दोन वर्षं मशिनरी गंजत उभी राहते, चांगला मुकादम दुसरीकडे निघून जातो, अर्ध्यावर थांबलेल्या काँक्रीटचा जुना पृष्ठभाग खरवडून साफ केल्याशिवाय त्यावर नवा थर बसत नाही आणि तोच सांधा पुढे गळतो. राधानगरीचं तसंच झालं, शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हात घातला, १९१८ च्या सुमारास काम थांबलं आणि पुरं व्हायला १९५० चं दशक उजाडलं. आज पावसाळ्यात सात स्वयंचलित दरवाज्यांतला कितवा उघडला हे पंचगंगेकाठचं पोरगंसुद्धा विचारतं, पण मधल्या चाळीस वर्षांत त्या कामाला चिकटून राहिलेल्यांची नावं कुणाला विचारा.

पाच वर्षांपूर्वी लेकीकडे बिल्बाओला गेलो होतो, ऑक्टोबरचा महिना, जावयांना म्हटलं गिगेनहाइम म्युझियम वगैरे तुम्ही बघून घ्या, मला येसाला न्या. पांपलोनापासून तासाभराच्या आत पोचलो. येसा गावातून चार-पाच किलोमीटरवर हावीएरचा किल्ला आहे. हे नाव आपल्याकडचं आहे. गोव्यात जुन्या गोव्याच्या बॉम जेझूसमधे ज्या सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव आहे तो जन्मला या किल्ल्यात, झेवियर हे आडनाव म्हणजे हावीएर. मला हे आधी माहीत नव्हतं. धरण बघायला निघालेला माणूस गोयंच्या सायबाच्या अंगणात जाऊन उभा राहिला, मी तिथं हात जोडले.

धरण बघितलं, माथ्यावरून दोन्ही तीर निरखले, मग काठाकाठानं वर गेलो, आणि तिथं जे बघितलं ते सांगितल्याशिवाय पेतीची गोष्ट अर्धी राहील.

येसाच्या तलावात तीन गावं गेली, तिएर्मास, एस्को आणि रुएस्ता, सुमारे दीड हजार माणसं उठली. पण गंमत म्हणू नये अशी गोष्ट ही की ही गावं पाण्याखाली नाहीत. तिन्ही उंचावर आहेत, घरं तशीच उभी, छपरं कोसळलेली, देवळाचा मनोरा लांबून दिसतो. बुडाली ती शेतं. खाली नदीकाठची काळी जमीन सगळी गेली, आणि शेत गेल्यावर नुसत्या घरात बसून माणूस खाणार काय. आमच्या नोंदीत बुडीत क्षेत्र म्हणजे पूर्ण संचय पातळीच्या रेषेच्या आतलं ते बुडीत, रेषेच्या वरचं घर "अबाधित". मी स्वतः अशा याद्या केल्यात. एका प्रकल्पावर, नाव घेत नाही, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं घर रेषेच्या दोन मीटर वर निघालं म्हणून त्याचं घर संपादनात धरलं नव्हतं, जमीन मात्र सगळी आत. तो मला म्हणाला होता, "सायेब, ह्या घरात आता मी दार लावून बसू का उघडून?" पुढे तीन वर्षं फायली फिरल्या तेव्हा त्याचं काम झालं. नंतरही तो दर मेमधे पाणी उतरलं की चालत यायचा, आपल्या विहिरीचं कठडं वर आलंय का बघायला, कठड्यावर दोन मिनिटं बसायचा आणि परत जायचा. एस्कोच्या घरांकडे बघताना मला तो माणूस दिसला.

तिएर्मासला गरम पाण्याचे झरे होते, रोमन काळापासून लोक तिथं आंघोळीला यायचे, नावातच थर्म आहे. झरे तलावात गेले. पण सप्टेंबर-ऑक्टोबरला पाणी उतरलं की ती जुनी स्नानगृहं चिखलातून वर येतात आणि झरा आपला चालूच असतो. मी गेलो तेव्हा पंधरा-वीस माणसं त्या कुंडात बसलेली, राखाडी चिखल अंगाला फासलेला, गंधकाचा वास, पाणी आपल्या वज्रेश्वरीसारखं कढत नाही, अंगाच्या तापमानाइतकं कोमट. मी पाय सोडून बसलो. समोर धरणाचा तलाव, पाठीमागं टेकडीवर ओसाड गाव. शेजारच्या बाईंनी लेकीला स्पॅनिशमधे सांगितलं की तिची आजी इथली, दरवर्षी आठ-पंधरा दिवस तलाव आम्हाला आमची जागा परत देतो. मला उत्तर सुचलं नाही.

आता कालव्याकडे या, कारण धरण नुसतं उभं राहून काही करत नाही. बार्देनास कालवा १३२ किलोमीटर. ज्यांनी कालवा केला नाही त्यांना वाटतं धरण अवघड आणि कालवा म्हणजे चर खणायचा. उलटं आहे. धरण एका जागी असतं, एकदा पाया लागला की खडक तुम्हाला माहीत झाला. कालव्यात दर किलोमीटरला नवी माती, नवा ओढा, नवा शेतकरी, आणि उतार इतका बारीक की एका ठिकाणी पातळी चुकली तर पुढच्या शंभर किलोमीटरचं गणित बिघडतं. या कालव्यावर नावार्राचा दक्षिण भाग आणि आरागॉनमधला एहेआ दे लोस काबायेरोसच्या आसपासचा, "पाच गावं" याच नावाचा कोरडा टापू मिळून आज सुमारे ८० हजार हेक्टर भिजतं. आधी तिथं मेंढ्या आणि बेभरवशाचा गहू, आज मका, लुसर्न घास, भाजीपाला. नव्या जमिनीवर सरकारनं नवी गावं वसवली, रादा, फिगारोल, पिन्सोरो, वालारेन्या, आखीवरेखीव रस्ते, मधोमध चौक आणि चर्च. सारागोसा शहरही आता येसाचं पाणी पितं. म्हणजे ज्या गावात त्यानं चौथा कप उचलला त्या गावाच्या नळाला त्याच्या धरणाचं पाणी येतं. हे मला फार आवडतं.

अजून एक व्यावसायिक गोष्ट सांगून टाकतो. २००१ पासून येसाची उंची वाढवायचं काम चालू आहे, त्याला लोकांचा मोठा विरोध आहे, विशेषतः वरच्या गावांचा, आणि २०१३ मधे धरणाच्या उजव्या तीरावरचा डोंगर सरकायला लागला, तिथल्या वस्तीतली घरं रिकामी करायला लागली. माझं मत स्पष्ट आहे, जुन्या धरणाची उंची वाढवताना काँक्रीटचं डिझाइन बघणारे शंभर असतात, डोंगराकडे बघणारा एकही नसला तरी काम पुढे जातं, आणि मग डोंगर स्वतः आठवण करून देतो. पेतीच्या मूळ धरणानं ६० वर्षांवर पाणी पेललंय हे मी त्याच्या खात्यावर जमा करतो. तीन गावांचं उठणंही त्याच्या आणि त्याच्या काळाच्या खात्यावर मांडायला लागेल. दोन्ही मांडल्याशिवाय इंजिनीअरचा हिशोब पुरा होत नाही.

१९८९ मधे, नव्वदीत तो गेला, त्याच बिदासोआच्या काठी, ओंदारिबियाला.

आता पुतण्याचं. पेतीचं नाव घेऊन त्याला "बघ, दोन्ही जमतं" असं सांगू नका, ते पूर्ण खरं नाही. पेतीच्या काळात मॅचेस मोजक्या, सराव आठवड्यात थोडा, आणि फुटबॉलचा पगार नसल्यामुळे फुटबॉल त्याला गिळू शकला नाही. आज वरच्या लेव्हलला खेळायचं तर सकाळ-संध्याकाळ दोन वेळा मैदान, आणि सिव्हिलची सबमिशन्स तुम्हाला माहीत आहेत. पण आपल्याकडचा तालमीचा सीझन डिसेंबर ते मेच्या आसपास असतो आणि त्यात एक सेमिस्टर परीक्षा अडकते, दोन नाही. त्या एका सेमिस्टरचे विषय आधी बघा. स्ट्रक्चर्स आणि जिओटेक जर त्याच टर्मला येत असतील तर त्या वर्षी त्यानं सीनियरला अर्धा सीझनच खेळावा, कॅप्टनशी आधीच बोलून घ्यावं, तालमीतली माणसं समजून घेतात, त्यांचीही पोरं शिकतात. सर्व्हे आणि हायड्रॉलिक्स मात्र नुसतं पास होण्यापुरतं करू देऊ नका, आयुष्यभर तेच लागतं. आणि सुट्टीत त्याला राधानगरीला घेऊन या, मी अजून चढू शकतो, भिंतीवर जाऊ, दरवाज्यांची यंत्रणा दाखवतो, आणि बुडीतातल्या वरच्या अंगाला कुठल्या वाड्या होत्या तिथंही नेतो. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पाऊस बरा झालेला असतो, तेव्हाच या, आणि मुलाला मोजणीची वही आणायला सांगा.